खाऱ्या मातींतला अंकुर

कळव्यास लागून खारीगांव आहे. दिव्याहून वसईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर खारबांव आहे. हीं नांवें आपण तिकिटाच्या खिडकीशीं किंवा पत्ता सांगतांना सहज उच्चारतों. त्यांतला ‘खार’ हा शब्द मात्र कानांवरून निघून जातो. खार म्हणजे भरतीच्या पाण्यापासून बांध घालून सोडविलेली जमीन. बांध पडण्यापूर्वीं तिचेंच नांव खाजण. ठाणें आणि कल्याण ह्या दोन जुन्या बंदरांच्या मध्यें उल्हास नदीची खाडी वळणें घेत जाते, आणि तिच्या दोन्ही कांठांना अशा खारी होत्या. कांहीं अजूनहि आहेत. मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवलीचा पश्चिम भाग, येथें आज इमारतींच्या रांगा उभ्या आहेत. पण त्यांच्या पायाखालच्या सखल भूमींत एके काळीं जागोजाग भात पिकत असे. तें भात खाऱ्या मातींत उगवत असे, ही गोष्ट वाटते तितकी साधी नाहीं. मिठांत बीं रुजत नाहीं हें कोणासहि ठाऊक असतें. मग येथें तें कसें रुजलें, आणि शेंकडों वर्षें रुजत राहिलें, ह्याचा इतिहास आज सांगावयाचा आहे. तो अर्धा खाडीकांठचा आहे आणि अर्धा प्रयोगशाळेंतला.

खाजणाला बांध घालणें हें एका घराचें काम नव्हे. पावसाळा संपल्यावर चिखल आणि दगड ह्यांची भिंत खाडीच्या कडेनें उभारावी लागे. आंत सांचलेलें पावसाचें पाणी ओहोटीच्या वेळीं बाहेर जावें, पण भरतीचें पाणी आंत येऊं नये, म्हणून बांधांत झडपेची उघाडी ठेवावी लागे. खेकड्यांनीं बिळें केलीं आणि उधाणानें तेथेंच खांड पाडली, कीं रात्र म्हणूं नये, दिवस म्हणूं नये, माणसें धांवून जात. असे बांध घालणारांना जुन्या महसुली भाषेंत शिलोत्रीदार म्हणत, आणि बांधाच्या डागडुजीकरितां कुळांकडून भाताच्या रूपानें वेगळा वांटा घेतला जाई. मुंबई सरकारनें १९४८ सालीं खारभूमीचा कायदा केला, महाराष्ट्र राज्यानें १९७९ सालीं नवा केला. दोहोंच्या मुळाशीं जुनाच प्रश्न आहे, कीं बांध राखावयाचा कोणीं आणि खर्च सोसावयाचा कोणीं. एक गंमत अशी, कीं ह्याच खाडीच्या कांठीं मिठागरेंहि होतीं. बांध दोघांचाहि, आगरी माणसें दोन्हीकडे राबत. एका बांधाच्या आड समुद्र कोंडून मीठ घ्यावयाचें, आणि दुसऱ्याच्या आड समुद्राला बंदी करून मीठ धुवून काढावयाचें.

१८८२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत भातशेतीचे गोडी आणि खारी असे दोन भेद सांगितले आहेत. गोड्या शेतीचा थाट आपल्या परिचयाचा आहे: उन्हाळ्यांत राब भाजणें, पाऊस पडतांच रोपें तयार करणें, नांगरट, चिखलणी आणि मग लावणी. खाऱ्या शेतांत ह्यांतलें जवळजवळ कांहींच नाहीं. तेथें नांगर नाहीं, खत नाहीं, लावणीहि नाहीं. जूनच्या आरंभीं जमीन पावसानें पुरती भिजली, कीं बीं चिखलांत टाकीत. किंवा बीं आधीं भिजवून, मोड येईपर्यंत ठेवून, मग शेतांत फेंकीत. मोड आणलेलें बीं फेंकण्याच्या ह्या रीतीस कोंकणांत ‘रहू’ म्हणतात. पीक येई तें तांबड्या, जाड तांदळाचें. शहरांतल्या लोकांनीं त्याला हलकें धान्य म्हणून नाक मुरडलें, हा भाग वेगळा.

वरवर पाहणाराला ही रीत आळसाची वाटेल. नांगर नाहीं तो कां, तर खालचें मीठ वर येऊं नये म्हणून, आणि चिकट खाऱ्या चिखलांत बैल चालावयाचे कसे म्हणूनहि. परंतु मोड आणून पेरण्याचें काय? येथें कारण बियाच्या पोटांत शिरून शोधावें लागतें, आणि १८८२ सालीं तें कोणालाच सांगतां आलें नसतें. त्यापूर्वीं दोनच वर्षें चार्लस डार्विन आणि त्याचा पुत्र फ्रान्सिस ह्यांनीं गवताच्या कोवळ्या कोंबांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले होते. उजेड कोंबाच्या टोंकाला कळतो, पण वांक येतो तो टोंकाच्या खालीं. तेव्हां टोंकाकडून खालीं कांहीं तरी निरोप जात असला पाहिजे, असें त्यांचें अनुमान होतें. त्या निरोपाचा जासूद हॉलंडांत फ्रिट्स वेंट ह्यानें १९२६ ते १९२८ ह्या काळांत ओटच्या कोंबांतून पकडला. त्यालाच पुढें ऑक्सिन म्हणूं लागले. वनस्पतींना मज्जातंतु नाहींत. त्यांचा सारा कारभार असल्या अत्यल्प रसायनांच्या द्वारें चालतो. त्यांना आपण संप्रेरकें म्हणतों.

आपल्या विषयाला लागणारें संप्रेरक मात्र भाताच्याच शेतांत सांपडलें, आणि तेंहि एका रोगाच्या निमित्तानें. जपानांत भाताचीं कांहीं रोपें इतरांहून भराभर उंच होत, फिकट पडत, आणि दाणा न धरतां लोळत. शेतकरी त्यांना ‘वेडीं रोपें’ म्हणत. हा प्रताप एका बुरशीचा आहे हें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कळलें होतें. १९२६ सालीं, जपानच्या ताब्यांत असलेल्या फोर्मोसा बेटावर, एइची कुरोसावा ह्या संशोधकानें ती बुरशी द्रवांत वाढविली, द्रव गाळून तिला पार काढून टाकलें, आणि उरलेला निर्जीव द्रव निरोगी रोपांना दिला. तींहि वेडीं झालीं! म्हणजे वेड बुरशीचें नव्हे, बुरशीनें सोडलेल्या रसाचें. तेइजिरो याबुता ह्यानें १९३५ सालीं त्या रसांतील द्रव्याला जिबरेलिन हें नांव दिलें, आणि १९३८ सालीं त्याचे स्फटिक हातीं आले. पुढें महायुद्ध आलें. पश्चिमेकडील शास्त्रज्ञांनीं ह्या कामाकडे खरें लक्ष दिलें तें १९५० नंतर. १९५८ सालीं इंग्लंडांत घेवड्याच्या कोवळ्या बियांतून जिबरेलिन काढण्यांत आलें, तेव्हां बुरशीचें हें ‘विष’ वनस्पती स्वतःच, बेताबेतानें, स्वतःच्या वाढीसाठीं करीत असतात हें स्पष्ट झालें.

तें बियांत करतें काय? भाताचा किंवा जवाचा दाणा घ्या. त्यांत गर्भ एका कोंपऱ्यांत, चिमूटभर. बाकीचा सारा सांठा पिठाचा. त्या पिठाभोवतीं सजीव पेशींचें एक पातळ अस्तर असतें. हें अस्तर पीठ विरघळविणारा पाचक रस सोडतें, असें हाबरलांट ह्या शास्त्रज्ञानें १८९० सालींच दाखविलें होतें. त्या अस्तराला काम सुरूं करण्याचा हुकूम कोण देतो, हें कळावयास १९६० साल उजाडलें. ऑस्ट्रेलियांत पॅलेग ह्यानें आणि जपानांत योमो ह्यानें, एकमेकांपासून दूर, एकच उत्तर काढलें: पाणी प्यालेला गर्भ जिबरेलिन सोडतो; तें अस्तराला पोंचतें; अस्तर पाचक रस करतें; पिठाची साखर होते; ती साखर खाऊन मोड वाढतो. मोड आलेल्या धान्याला गोडसर चव येते ती ह्यामुळेंच. नाचणीचें सत्त्व काढणाऱ्या गृहिणीनें हा हुकूम नकळत शेंकडों वेळां दिलेला असतो.

हुकूम देणारा आहे तसा मनाई करणाराहि आहे. १९६३ च्या सुमारास अमेरिकेंत कापसाच्या बोंडांतून आणि ब्रिटनमध्यें झाडांच्या पानांतून एकच द्रव्य निरनिराळ्या नांवांनीं हातीं लागलें. १९६७ सालीं त्याला ॲब्सिसिक आम्ल हें एक नांव ठरलें. बीं झाडावर पक्व होत असतांना तें तेथेंच रुजूं नये, वाळून स्वस्थ पडावें, ही त्याची कामगिरी. १९६९ सालीं कोमेजणाऱ्या गव्हाच्या पानांत हेंच द्रव्य एकाएकीं वाढलेलें आढळलें. म्हणजे पाण्याची टंचाई झाली, कीं ‘थांबा, दारें लावा’ असा इशारा तें देतें. पानांचीं सूक्ष्म रंध्रें मिटतात, वाढ आवरती होते. जिबरेलिन म्हणतें ऊठ. हें म्हणतें थांब. बीं रुजणें न रुजणें हें ह्या दोघांच्या तराजूवर ठरतें.

आतां ह्या तराजूंत मीठ टाकून पाहूं. घरीं मटकीच्या दोन वाट्या भिजवाव्या. एकींत गोडें पाणी, दुसरींत चमचाभर मीठ कालवलेलें. दुसऱ्या वाटींत मोड यावयाचा नाहीं. मीठ बियाच्या बाहेर राहूनहि पाणी ओढून धरतें, बियाला तें सहजीं पिऊं देत नाहीं. ही झाली पहिली अडचण. परंतु बीं नुसतें तहानेलें राहतें इतकेंच नव्हे. २०१८ सालीं चीनमधील संशोधकांनीं भातावर दाखविलें, कीं खाऱ्या पाण्यांत रुजत घातलेल्या दाण्यांत क्रियाशील जिबरेलिनच घटतें, म्हणून पाचक रस कमी पडतो, म्हणून पीठ साखरेवांचून तसेंच राहतें. आणि बाहेरून जिबरेलिन दिलें तर ही तूट बरीचशी भरून निघते. मीठ, म्हणजे, बियाचा हुकूमच दाबून टाकतें.

तरीहि, आणि येथेंच खारीच्या शेतकऱ्याचें शहाणपण आहे, भात ह्या पहिल्या परीक्षेंत सहसा नापास होत नाहीं. बऱ्यापैकीं खाऱ्या पाण्यांतहि भाताचें बीं उशिरानें कां होईना रुजतें. तें मरतें त्यानंतर. दोन-तीन पानें फुटतात, दाण्यांतलें पीठ संपतें, रोप स्वतःच्या मुळांवर उभें राहूं लागतें, आणि पाण्याबरोबर मिठांतलें सोडियम पानांत चढूं लागतें. पानांचीं टोंकें पांढरीं पडून करपतात, आणि रोप बसतें. पुढें रोप अंगानें भरलें, कीं तें पुन्हा बरेंच सोसतें. दुसऱ्यांदा नाजूक होतें तें फुलोऱ्याच्या वेळीं. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. भाताच्या मुळाशीं असलेल्या पाण्यांत लिटरमागें सुमारें २ ग्रॅम झाले, कीं पीक घटूं लागतें. भात हें खाऱ्या जमिनीचें मूळचें धान्य नव्हेच. तें तेथें टिकतें तें पाणी तुंबवून ठेवतां येतें म्हणून, आणि तुंबलेलें गोडें पाणी क्षार खालीं दाबतें म्हणून.

ह्या ज्ञानाचा दिवा घेऊन ‘रहू’कडे पुन्हा पाहूं. मृग नक्षत्राचा पाऊस पडतो. पहिल्या सरींचें पाणी जमिनीवरचें मीठ विरघळवून उघाडीवाटे खाडींत नेतें. त्याच वेळीं घराच्या पडवींत बीं गोड्या पाण्यानें भिजून, गवताखालीं दडपून, उबेंत पडलेलें असतें. जिबरेलिनचा हुकूम तेथें निर्वेध सुटतो, अस्तर पाचक रस करतें, मोड फुटतो. बीं शेतांत पडतें तें मुळासकट, रुजण्याचा भाग उरकून. त्याला खाऱ्या चिखलांत दिवस फुकट घालवावे लागत नाहींत. आणि तें दोन-तीन पानांच्या, म्हणजे सर्वांत दुबळ्या अवस्थेस येतें तेव्हां आर्द्रा-पुनर्वसूचा पाऊस भर जोरांत असतो. ठाणें जिल्ह्याच्या किनारपट्टीवर वर्षाकांठीं सुमारें २५०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्याचा बहुतेक भाग ह्या चार महिन्यांत. रोपाची दुबळी वेळ आणि आकाशाची उदार वेळ ह्यांची गांठ घालून देणें, ह्यापलीकडे रहूंत कांहीं नाहीं; आणि इतकेंच पुरेसें आहे. पेरणीनंतर पावसानें आठ-दहा दिवस दडी मारली, तर मात्र ऊन खालचें मीठ वर ओढतें आणि सारा हिशेब चुकतो. अशा वर्षीं खारींत दुबार पेरणी होई.

बांधाच्या पलीकडे, भरतीच्या पाण्यांत उभ्या असलेल्या तिवरांनीं हेंच कोडें आपल्या परीनें सोडविलें आहे. ठाण्याच्या खाडींत तिवर हीच मुख्य खारफुटी. तिचें बीं झाडावरून पडण्यापूर्वींच फळाच्या आंत रुजलेलें असतें. तिच्या जातभाई कांदळाचा मोड तर फळाबाहेर येऊन हातभर लोंबत असतो. आईच्या अंगावर, तिनें गाळून दिलेल्या रसावर रुजावयाचें आणि मग चिखलांत उडी घ्यावयाची! १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत, झाडावरच रुजणाऱ्या खारफुटींच्या गर्भांत मनाई करणारें ॲब्सिसिक आम्ल, तसें न रुजणाऱ्या त्यांच्या आप्तांच्या मानानें, कमी आढळलें. जेथें बियानें स्वस्थ पडून वाट पाहण्यांत अर्थच नाहीं, तेथें मनाईचा पहारेकरी ढिला केलेला आहे. खारीच्या शेतकऱ्यानें ही युक्ति तिवरांकडून घेतली असें मी म्हणत नाहीं. पण दोन्ही उत्तरें एका बांधाच्या दोन बाजूंस शेजारीं शेजारीं उभीं होतीं.

पेरण्याची रीत ही अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी बियाच्या जातींत आहे. खारींतल्या तांबड्या भातांना ‘राता’ म्हणतात. त्यांतून निवड करून ‘काळा राता १-२४’ आणि ‘भुरा राता ४-१०’ हे वाण शेतकी खात्याकडून पुढें आले. केरळचा पोक्कळी आणि बंगालचा नोना बोकरा ह्यांच्या पंक्तींत काळा रात्याचें नांव फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भातसंशोधन संस्थेच्या कामांतहि येतें. नोना बोकऱ्याच्या सोशिकपणाचें एक रहस्य २००५ सालीं चिनी शास्त्रज्ञांनीं उकललें: त्याच्या एका जनुकामुळें वर चढणाऱ्या रसांतलें सोडियम वाटेंतच परत घेतलें जातें, आणि कोवळीं पानें वांचतात. पोक्कळीच्या पहिल्या गुणसूत्रावरचा ‘सॉल्टोल’ नांवाचा भागहि रोपाला बालपणींच तारतो. संप्रेरकें इशारा देतात, पण हांकेला धांवून जाणारे मजूर अंगांत असावे लागतात. ते ह्या गांवठी जातींच्या अंगांत होते. तांबड्या रंगाचीहि एक नवलाची बाब आहे. २०११ सालीं तणवट तांबड्या भातावर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसलें, कीं दाण्याला तांबडा रंग देणारें जनुकच ॲब्सिसिक आम्ल वाढवून त्याची सुप्तावस्था दीर्घ करतें. ह्यावरून रात्याचा खारटपणा सोसण्याचा गुण सिद्ध होत नाहीं. परंतु रंग म्हणजे नुसता रंग नव्हे, एवढें कळतें, आणि तांदूळ पांढराशुभ्र असावा ह्या आपल्या हट्टापायीं आणखी काय काय गेलें असेल ह्याचा विचार मनांत येतो.

हरितक्रांतीचीं बुटकीं भातें खारींत फारशीं रमलीं नाहींत, आणि त्याचेंहि कारण ह्याच गोष्टींत आहे. १९६६ सालीं आलेल्या आय.आर.-८ ह्या वाणाचा बुटकेपणा जिबरेलिन कमी बनविणाऱ्या एका जनुकामुळें आहे, असें २००२ सालीं उघड झालें. कुरोसावाच्या वेड्या रोपांना हें द्रव्य अति झालें होतें. ह्यांना तें जाणून बुजून कमी. खत घातलेल्या, निचऱ्याच्या शेतांत बुटकें रोप लोळत नाहीं, म्हणून सोनें. पण खारींत मांडीइतकें पाणी तुंबतें. तेथें उंच वाढणारा राता डोकें वर काढतो आणि बुटका पाहुणा बुडतो. म्हणून पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानें, जें आज दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाकडे आहे, ह्या भूमीसाठीं पनवेल १, २ आणि ३ असे वेगळे वाण काढले. कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठांत प्रा. जी. व्ही. जोशी ह्यांनीं खाऱ्या पाण्यांतील वनस्पतींच्या जीवनक्रियांचा अभ्यास उभा केला. आणि ठाण्याच्याच खाडीच्या कांठीं, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रांत, बीं थायोयुरियाच्या द्रावांत भिजवून पेरल्यास तें मिठाचा मारा अधिक सोसतें काय, ह्यावर प्रयोग झाले आहेत. बीं भिजवून मग पेरावयाचें; साधन नवें आहे.

द्रावांत भिजविलेलें बीं चांगलें उठतें हें खरें. परंतु भिजवणीचा जोर पहिल्या दिवसांचा. रोपाची खरी कसोटी तिसऱ्या पानाची, आणि त्या वेळीं त्याला बाहेरून हवें असतें तें गोडें पाणी व शाबूत बांध. येथें चिंतेची बाब आहे. ठाणें महानगरपालिका १९८२ सालीं आणि कल्याण-डोंबिवलीची १९८३ सालीं स्थापन झाली. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत खारीवर भराव पडत गेले. शेत विकलें जावयाचें म्हणतांच त्याचा बांध राखण्यांत कोणाचें मन राहत नाहीं. एकानें हात काढला, तर खांड पडते ती सर्वांच्या शेतांत. उधाणाचें पाणी एकदां आंत येऊन गेलें, कीं त्या मातीचें मीठ पुन्हा धुवून निघण्यास पावसाळे लागतात. तोंवर तेथें तिवरें उगवतात, आणि मग ती जमीन शेताचीहि राहत नाहीं व सहजासहजीं कोणाचीच होत नाहीं. शिवाय समुद्राची पातळी जगभर वाढत आहे, हें मापून ठरलेलें आहे. जगाला मीठ सोसणारें भात आजवर लागलें नाहीं इतकें पुढें लागणार आहे, आणि तें जेथें घडलें त्या जागा बुजत आहेत.

काळा रात्याचें बीं थंड कोठारांत जतन करतां येतें, आणि तें केलेलें आहे. अशा कोठारांतलें बींहि ठराविक काळानें बाहेर काढून, पेरून, नवें करून घ्यावें लागतें, नाहीं तर गर्भ जागा होत नाहीं. खाडीकांठीं जेथें खारी उरल्या आहेत, तेथें हें काम दरवर्षीं आपोआप होतें: पंचांगांत उधाणाच्या तिथी पाहून बांधाला चिखल लावतात, उघाडीची फळी घट्ट बसते कीं नाहीं हें पाहतात, आणि मृगाचा पाऊस लागतांच बीं भिजत घालतात.